उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे नामकरण

उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे नामकरण म्हणजे बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांत निर्माण होणाऱ्या चक्रीवादळांना पूर्वनिश्चित यादीतून क्रमाने नावे देण्याची पद्धत होय. ही नावे भारतीय हवामान विभागाचे नवी दिल्ली येथील प्रादेशिक केंद्र जाहीर करते. नाव वाऱ्याच्या वेगावरून दिले जाते. पाऊस किंवा संभाव्य हानी यांचा त्याच्याशी संबंध नसतो.

इतिहास

या क्षेत्रात वादळांना नावे देण्याचे तत्त्व २००० साली मस्कत येथील बैठकीत मान्य झाले आणि सप्टेंबर २००४ पासून ते अमलात आले. पहिले नाव बांगलादेशाने सुचवलेले ‘ओनिल’ होते. आठ देशांच्या प्रत्येकी आठ, अशा ६४ नावांची ती यादी मे २०२० मधील ‘अम्फान’ या वादळाने संपली. तत्पूर्वी एप्रिल २०२० मध्ये १३ देशांची १६९ नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली होती. इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व येमेन या देशांचा तीत नव्याने समावेश झाला.

निकष व क्रम

वाऱ्याचा सातत्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाल्यावरच नाव मिळते. त्याखालील ‘डिप्रेशन’ व ‘डीप डिप्रेशन’ अनामच राहतात. नाव इंग्रजीत आठ अक्षरांहून मोठे नसावे, उच्चारास सोपे असावे, राजकारण, धर्म व लिंग यांबाबत तटस्थ असावे, अशी अपेक्षा असते. देश इंग्रजी वर्णक्रमाने येतात. त्यामुळे बांगलादेशाच्या ‘निसर्ग’नंतर भारताचे ‘गती’ व इराणचे ‘निवार’ आले.

अटलांटिक महासागरात प्रत्येक वर्षाची २१ नावांची स्वतंत्र यादी असते आणि सहा याद्या आलटून पालटून वापरल्या जातात. २०२० च्या हंगामात ती यादी अपुरी पडल्याने ग्रीक अक्षरे वापरावी लागली. ही प्रथा पुढच्याच वर्षी बंद करण्यात आली. हिंदी महासागराची यादी वर्षाशी बांधलेली नसल्याने वादळे कितीही झाली तरी हा प्रश्न येत नाही. मात्र एकदा वापरलेले नाव येथे पुन्हा दिले जात नाही.

एकाच वेळी दोन वादळे असताना नावांचा उपयोग विशेष जाणवतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ व ‘महा’ अरबी समुद्रात एकाच वेळी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ने पूर्व किनारा ओलांडला. त्याचे अवशेष मराठवाड्यात अतिवृष्टी करून अरबी समुद्रात पोहोचले आणि पुन्हा तीव्र झाल्यावर त्यांस ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले.

पुणे जिल्हा

नव्या यादीतील पहिले वादळ ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले व पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे गेले. मावळ, खेड, जुन्नर या भागांत घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाउस कोसळले. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील तालुक्यांची ठिकाणे किनाऱ्यापासून दूर असली, तरी वादळाचे नाव तेथेही सर्वतोमुखी होते.

चारच महिन्यांनी, १३ ऑक्टोबर २०२० रोजी, बंगालच्या उपसागरातील एक डीप डिप्रेशन काकीनाडाजवळ किनारा ओलांडून तेलंगणमार्गे महाराष्ट्राकडे सरकले. १४ ऑक्टोबरला दौंड, इंदापूर, बारामती व सोलापूर भागांत अतिवृष्टी झाली. दौंड तालुक्यात पुरात माणसे वाहून गेली, उभी पिके पाण्याखाली गेली. वाऱ्याचा वेग चक्रीवादळाच्या मर्यादेपर्यंत न पोहोचल्याने त्यास नाव मिळाले नाही. ‘निसर्ग’चा उल्लेख आजही नावानिशी होतो; दौंडचा तो पूर मात्र ‘ऑक्टोबरची अतिवृष्टी’ एवढ्यावरच ओळखला जातो.

महाराष्ट्राशी संबंधित अन्य नावे

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ व मे २०२१ मधील ‘तौक्ते’ ही दोन्ही नावे म्यानमारने सुचवली होती. ‘तौक्ते’ हे मोठ्याने ओरडणाऱ्या पालीचे बर्मी नाव आहे. भारताच्या सध्याच्या यादीतील ‘गती’ व ‘तेज’ ही नावे वापरली गेली असून ‘मुरसू’, ‘आग’, ‘व्योम’ ही त्यांच्यानंतरची आहेत.