चढाईचे आकडे

* पुणे–सातारा मार्गाची ‘एकूण चढाई’ ढोबळच समजावी. नकाशावरून चढाई काढणारी अनेक साधने २००० साली एंडेव्हर यानावरच्या रडारने टिपलेल्या उंचीवर विसंबतात. त्यात साधारण ३० किंवा ९० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. त्यामुळे घाटात रस्त्याऐवजी शेजारचा कडा नाहीतर दरी मोजली जाते. परतीच्या वाटेवर, खंबाटकीच्या बोगद्यात, तर डोक्यावरचा अख्खा डोंगर हिशेबात येतो! सायकलवरचे दाबमापक यंत्र हे टाळते. पण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, की उभ्या सायकलचीही उंची सुमारे ८ मीटरने वाढलेली दिसते. बारीक चढउतार किती गाळायचे, हे प्रत्येक साधन आपापले ठरवते. मोठा घोळ इथेच. म्हणून लेखकाचे आकडे आम्ही पूर्ण शेकड्यांत दिले आहेत. — संपादक