खर्डेकरांचं घर, खाशाबांचा गुडघा आणि आपल्या कॉलेजातली पोरं

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याला नेहमी अर्धीच सांगितली जाते. १५ जानेवारीला, म्हणजे खाशाबांच्या जन्मदिवशी, आता राज्य क्रीडा दिन असतो. शाळा-कॉलेजात भाषणं होतात. हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. टाळ्या. कार्यक्रम संपला.

मला त्या गोष्टीतल्या दोन बाजूच्या गोष्टींबद्दल लिहायचंय. एक, पैसे कुणी दिले. दोन, पुढे गुडघ्याचं काय झालं. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणारं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. तिथे सहावा नंबर आला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेलं. सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. गावाने, कऱ्हाडने, ओळखीपाळखीच्यांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ सालचे सात हजार. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते कर्ज फेडलं असं सांगतात.

आपण हे वाचून भारावतो, आणि भारावायलाच हवं. पण जरा हिशेबाने बघा. एका खेळाडूची सगळी जोखीम एका मास्तरच्या घरावर होती. समजा खाशाबांचा खांदा सरावातच निखळला असता, तर खर्डेकरांचं घर गेलं असतं आणि खाशाबा आयुष्यभर त्या ओझ्याखाली राहिले असते. सगळं नीट झालं म्हणून ती प्रेरणादायी कथा झाली.

आता गुडघा. १९५५ साली खाशाबा मुंबई पोलिसात फौजदार म्हणून लागले. पुढचं ऑलिम्पिक १९५६ चं, मेलबर्नला. तीस वर्षांचा पदकविजेता, अजून एक संधी होती. गुडघ्याच्या दुखापतीने ती गेली. पोलिसातली नोकरी होती म्हणून घर चाललं. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. गुडघा गेल्यावर खेळाडूला तगवलं ते सरकारी नोकरीने. ज्याच्याकडे नोकरी नाही, जो अजून एफवायला आहे, त्याचं काय?

हाच प्रश्न त्याच वर्षांत अमेरिकेत थेट कोर्टात गेला होता.

१९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस नावाच्या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू (त्यांचा फुटबॉल, हातात बॉल घेऊन धडकायचा) सामन्यात डोक्याला मार लागून वारला. मागे बायको-मुलं. बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. तिचं म्हणणं साधं होतं: कॉलेजने त्याला खेळण्यासाठी आणलं, त्या बदल्यात काम दिलं, मग तो कॉलेजचा कामगारच नाही का? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं, नाही. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही.

तिथल्या कॉलेज खेळांची जी मध्यवर्ती संस्था आहे, एनसीएए, तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. ऐकायला किती गोड शब्द. पण नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती होती म्हणून तो आणला, हे बायर्स यांनीच १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं. खेळाडूला 'विद्यार्थी' म्हटलं की तो कामगार राहत नाही, आणि कामगार नाही म्हटल्यावर भरपाईचा प्रश्नच मिटतो.

मग केंट वॉल्ड्रेप. १९७४ साली टेक्सासच्या एका विद्यापीठाकडून खेळताना मानेला मार बसून शरीर लुळं पडलं. कामगार म्हणून भरपाई मिळावी यासाठी तो लढला. १९९३ मध्ये टेक्सासच्या नुकसानभरपाई आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुढे तो फिरला, आणि २००० मध्ये अपील कोर्टाने शेवटचं सांगितलं की तो कामगार नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षं!

आता याच देशातली दुसरी बाजू बघा. १९९० पासून एनसीएएने हुकमी खेळाडूंसाठी अपंगत्व विम्याची सोय केली. ज्याला पुढे व्यावसायिक संघ कोट्यवधी देणार हे दिसतंय, त्याने पॉलिसी घ्यायची. दुखापतीने करिअर संपलं तर कंपनी पैसे देणार. २००३ च्या जानेवारीत मायामीच्या विलिस मॅकगाहीचा गुडघा देशभर टीव्हीवर दिसत असताना फाटला. त्याच्याकडे पंचवीस लाख डॉलरची पॉलिसी होती. तो सावरला आणि त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडला गेला.

२०१४ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने सेड्रिक ओगबुएही या खेळाडूच्या पॉलिसीचा हप्ता स्वतः भरला. पन्नास हजार डॉलरहून जास्त रक्कम. आणि ती काढली कशातून? विद्यार्थी सहाय्यता निधीतून, जो मुळात अडचणीतल्या विद्यार्थी-खेळाडूंसाठी असतो. हेतू उघड होता: पोरगं आणखी एक वर्ष कॉलेजकडून खेळावं, लवकर व्यावसायिक होऊ नये. त्याचा गुडघा त्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात गेलाच. तरीही तो पहिल्या फेरीत निवडला गेला.

डेनिसनच्या बायकोला 'तो खेळाडू आमचा कोणी नाही' सांगणारी व्यवस्था साठ वर्षांनी स्टारचा हप्ता स्वतः भरायला लागली. दया वाढली म्हणून नाही, स्टारची किंमत वाढली म्हणून. २०२४ च्या ऑगस्टपासून मात्र तिथे सर्वसाधारण खेळाडूलाही कॉलेज सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत खेळातल्या दुखापतीच्या उपचारांसाठी विमा संरक्षण मिळतंय. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत यायला इतकी वर्षं लागली.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रात खेळाडूंच्या विम्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग कुठला असेल तर गोविंदांचा. २०२३ मध्ये शासनाने पन्नास हजार गोविंदांचा विमा उतरवला. हप्ता माणशी ७५ रुपये, एकूण ३७ लाख ५० हजार. मृत्यू झाल्यास १० लाख, दोन डोळे वा दोन अवयव गेल्यास १० लाख, एक गेल्यास ५ लाख, आणि उपचारांचा खर्च १ लाखापर्यंत. पुढे आकडा पंच्याहत्तर हजारांवर आणि २०२५ मध्ये दीड लाखावर गेला. थर लावणारं पोर गरीब घरातलंच असतं, त्याला हे मिळालंच पाहिजे. माझा मुद्दा इतकाच की ७५ रुपयांत काय होऊ शकतं हे सरकारनेच सिद्ध करून दाखवलंय.

शाळेच्या पोरांसाठी २००३ पासून राजीव गांधींच्या नावाची अपघात योजना आहे. पहिली ते बारावी. आधी विमा कंपनीमार्फत होती, २०१३ पासून कंपनी बाजूला काढून शासन थेट सानुग्रह अनुदान देतं. २०२२ मध्ये मृत्यूची रक्कम दीड लाख झाली. बारावीनंतर ही योजना थांबते. कॉलेजसाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाने अलीकडे वेगळी सोय काढली: वर्षाला २० रुपयांत १ लाखाचा किंवा ६२ रुपयांत ५ लाखांचा अपघात विमा, आणि ४२२ रुपयांत २ लाखांचा वैद्यकीय विमा. आणि जे राष्ट्रीय पातळीवर साई किंवा खेलो इंडियात पोचले त्यांना २०२१ पासून ५ लाखांचा आरोग्य विमा आणि २५ लाखांचा अपघात विमा. म्हणजे वरच्या पायरीवर सोय आहे.

आपली पोरं कुठल्या पायरीवर आहेत? देवरुख, साखरपा, संगमेश्वर, माखजन. पावसाळा संपला की वाडीवाडीत लाईट लावून कबड्डी. दिवसा कॉलेजच्या संघातून, रात्री मंडळाच्या संघातून, शनिवार-रविवारी कुठेतरी टेम्पोने. मातीवर तयार झालेला पाय एकदम मॅटवर जातो. चढाई करताना पाय रोवला जातो, मागून घोटा धरलेला, शरीर एका बाजूला वळतं आणि गुडघा तिथेच राहतो. 'कट्' असा आवाज येतो. आतला लिगामेंट गेला.

आणि इथे विम्यातली खरी ग्यानबाची मेख आहे. नीट वाचा. साधा 'वैयक्तिक अपघात विमा' पैसे देतो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. हात-पाय-डोळा गेला तर. लिगामेंट फाटला तर माणूस मरत नाही, पायही जात नाही. चालता येतं, लंगडत. त्यामुळे पॉलिसी असूनही बहुतेक वेळा हातात शून्य. एमआरआय, ऑपरेशन, सहा-नऊ महिने व्यायामोपचार, हे सगळं त्या पॉलिसीच्या बाहेर. त्यासाठी पॉलिसीत 'अपघाती वैद्यकीय खर्च' हे कलम वेगळं असावं लागतं, किंवा वेगळा वैद्यकीय विमा. गोविंदांच्या पॉलिसीत ते कलम होतं. म्हणून ती कामाची.

आमच्या वाडीतला एक चढाईपटू असाच बसला. कॉलेजच्या सामन्यात गुडघा गेला. त्याच्या कॉलेजने ट्रॉफीबरोबरचा फोटो लावला, ऑपरेशनला हात वर केले. मुंबईकर चाकरमान्यांनी व्हॉट्सॲपवर वर्गणी काढली. अर्धे पैसे जमले तेव्हा निम्मा मोसम संपला होता. ऑपरेशन उशिरा झालं. आज तो रिक्षा चालवतो, पोरांचे सामने लाईनीबाहेरून बघतो. सत्तर वर्षांनंतरही आपली पद्धत तीच, खर्डेकरांची. फक्त घर गहाण ठेवणारे खर्डेकर प्रत्येक गावात नसतात.

म्हणून मला वाटतं, आपल्याला अमेरिकेसारखा स्टारचा विमा नकोच. आपल्याकडे कोण स्टार होणार हे एफवायला कुणालाच माहीत नसतं. संघात नाव लागलं की सरसकट सगळ्यांचा विमा. हिशेब करा: कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ मिळून एका कॉलेजात शंभर खेळाडू धरले, तर ४२२ आणि ६२ रुपये मिळून वर्षाला ४८ हजार ४०० रुपये होतात. जिमखाना फीमधून, थोडं संस्थेने, थोडं माजी विद्यार्थ्यांनी. अशक्य आहे का?

जून-जुलैत ॲडमिशन होतील तेव्हा एवढं करा.

१) फीच्या पावतीत विम्याचा रकाना आहे का बघा. असेल तर पॉलिसीची प्रत मागा. पैसे आपण भरतो, प्रत बघायचा हक्क आपला.

२) त्यात 'अपघाती वैद्यकीय खर्च' आहे का, आणि सराव व प्रवासातली दुखापत धरली आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

३) दुखापत झाली की त्याच दिवशी लेखी नोंद करा: क्रीडाशिक्षकांची सही, डॉक्टरांचा कागद, तारीख. 'बघू दोन दिवस' म्हणून तेल चोळत बसलात की दावा तिथेच अर्धा मेला.

४) महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आधीच काढून ठेवा. कुठलं ऑपरेशन त्यात बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

५) मंडळवाल्यांनो, तुम्हालाही सांगतो. चषक दोन फूट कमी उंच आणा, पण स्पर्धेपुरता खेळाडूंचा गट विमा काढा. बॅनरवर आमदारांच्या फोटोखाली 'सर्व खेळाडू विमा संरक्षित' अशी ओळ दिसली तर मला जास्त आनंद होईल.

आपल्या तालुक्यातल्या कुठल्या कॉलेजने किंवा मंडळाने हे आधीच केलं असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, कंपनी आणि हप्ता किती तेही लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.