इयन होम : कायम नटसंचात घडलेला चरित्र अभिनेता

विसाव्या शतकातील ब्रिटिश रंगभूमीचा इतिहास बहुधा लॉरेन्स ऑलिव्हिए, जॉन गिलगुड अशा नायक-नटांच्या नावांभोवती सांगितला जातो. परंतु त्या रंगभूमीचा रोजचा व्यवहार ज्यांच्या बळावर चालला ते चरित्र अभिनेते, म्हणजे नायकाभोवतीचे वैद्य, सेवक, विदूषक, कारस्थानी भाऊ अशी माणसे उभी करणारे नट, त्या इतिहासात तळटीपेपुरतेच उरतात. इयन होम (१९३१–२०२०) यांची कारकीर्द या उपेक्षेचे उत्तर आहे. त्यांनी पंचम हेन्री, रोमिओ आणि लिअरही रंगविले, तरी त्यांची वृत्ती अखेरपर्यंत चरित्र अभिनेत्याचीच राहिली. आणि ही वृत्ती केवळ जन्मजात नव्हती, तर स्ट्रॅटफर्ड येथील एका विशिष्ट नाट्यसंस्थेच्या कार्यपद्धतीतून ती घडली होती.

होम यांचा जन्म १२ सप्टेंबर १९३१ रोजी एसेक्समधील गुडमेझ येथे झाला. त्यांचे वडील मनोविकारतज्ज्ञ होते आणि तेथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नाट्यशाळेतील शिक्षण पूर्ण करून १९५४ मध्ये ते शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला दाखल झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला भाला धरून मागे उभे राहण्याची कामे आली. १९५५ च्या ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये ऑलिव्हिए यांच्या टायटसच्या हातून पहिल्याच प्रवेशात मारला जाणारा मुलगा त्यांनी केला, आणि १९५९ मध्ये चार्ल्स लॉटन यांच्या लिअरसोबत विदूषकाचे काम केले. लॉटन स्वतः स्थूल देहाचे आणि रूढ अर्थाने देखणे नसलेले, तरीही चरित्रभूमिकांच्या जोरावर जगभर पोहोचलेले नट होते. अशा नटाशेजारी रोज संध्याकाळी उभे राहणे हे ठेंगण्या चणीच्या तरुण होम यांच्यासाठी मोठे शिक्षण असणार, असे मानण्यास जागा आहे.

स्ट्रॅटफर्डची जुनी पद्धत हंगामी होती. प्रसिद्ध नट काही महिन्यांसाठी बोलवावेत, त्यांच्याभोवती इतरांची जुळवाजुळव करावी आणि हंगाम संपताच सर्वांनी पांगावे, असा तिचा क्रम होता. १९६० मध्ये संचालकपदी आलेल्या पीटर हॉल यांनी तो मोडला. त्यांनी नटांना दीर्घ मुदतीचे, बहुधा तीन वर्षांचे, करार देऊ केले, लंडनमधील ऑल्डविच नाट्यगृह दुसरे केंद्र म्हणून घेतले, आणि १९६१ पासून ही संस्था रॉयल शेक्सपिअर कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. कायम नटसंच याचा येथे अर्थ असा, की एकच मंडळी अनेक वर्षे एकत्र राहतात, एकाच पद्धतीने पद्य म्हणण्याचा सराव करतात, आणि आज राजा झालेला नट उद्या दूत होण्यास बांधलेला असतो. अशी व्यवस्था तिकीटविक्रीवर तग धरू शकत नाही. तिला सरकारी अनुदान लागते, आणि युद्धोत्तर ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या आर्ट्स कौन्सिलमुळे ते मिळू लागले होते. होम यांच्या अभिनयाची चर्चा करताना हा आर्थिक पाया सहसा विसरला जातो, हे खेदाने नोंदवावे लागते.

या व्यवस्थेचे पहिले भव्य फळ म्हणजे १९६३ चा ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ हा प्रयोग. षष्ठ हेन्रीवरील तीन नाटके आणि ‘तृतीय रिचर्ड’ यांचे जॉन बार्टन आणि हॉल यांनी तीन नाटकांत रूपांतर केले होते, आणि त्यात होम यांचा रिचर्ड होता. ऑलिव्हिए यांनी १९५५ च्या चित्रपटात रंगविलेला झगमगता खलपुरुष प्रेक्षकांच्या मनात ताजा असताना होम यांनी रिचर्डला दीर्घ यादवीत वाढलेला, त्या यादवीचाच नियम शिकलेला तरुण म्हणून उभे केले. काही समीक्षकांना हा रिचर्ड आकाराने अपुरा वाटला. परंतु या नाट्यमालेच्या ओघात तो हळूहळू पुढे येतो, आधी कोपऱ्यात उभा राहून ऐकतो आणि मग सत्ता हाती घेतो, ही रचना पाहता तोच अर्थ योग्य ठरतो. पुढल्याच वर्षी त्यांनी पंचम हेन्री साकारला आणि त्यासाठी त्यांना ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा पुरस्कार मिळाला.

तथापि होम यांच्या कलेचे खरे वळण १९६५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द होमकमिंग’ने घडविले. उत्तर लंडनमधील एका घरात बाप, काका आणि मुलगे असे सगळे पुरुष राहतात, थोरला मुलगा अमेरिकेहून पत्नी रूथला घेऊन येतो, आणि घरातील सत्तेची सारी मांडणी पालटते, असे हे नाटक आहे. होम यांचा लेनी हा वेश्याव्यवसायावर जगणारा मधला मुलगा. पिंटर यांच्या संहितेत विराम लिहून दिलेले असतात. तेथे शब्द थांबतात, परंतु पात्रांमधील झुंज थांबत नाही. रात्री लेनी आणि रूथ प्रथमच भेटतात आणि पाण्याच्या एका साध्या पेल्यावरून दोघांत बळाची परीक्षा होते, त्या प्रवेशात होम यांची वाणी सभ्य, जवळजवळ आतिथ्यशील राहते आणि धमकी तिच्या खालून वाहते. येथे होम यांची ऐकण्याची शक्ती दिसते: समोरचा बोलत असताना त्यांचा चेहरा जेवढे काम करतो, तेवढे अनेक नटांची स्वगतेही करीत नाहीत. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर याच भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, आणि १९७३ मध्ये हॉल यांनीच केलेल्या चित्रपटामुळे ही भूमिका आजही पाहता येते.

१९७६ मध्ये युजीन ओनील यांच्या ‘द आइसमॅन कमेथ’मध्ये हिकी या विक्रेत्याच्या भूमिकेत असताना, शुभारंभाआधी प्रेक्षकांसमोर होणाऱ्या प्रयोगांतच होम यांना रंगमंचाच्या धास्तीने ग्रासले. अवघ्या पन्नाशीच्या आत असलेल्या, शेक्सपिअरचे हजारो चरण मुखोद्गत केलेल्या नटाला उभे राहणे अशक्य झाले आणि त्यांनी ते नाटक सोडले. १९७९ मध्ये हॅम्पस्टेडच्या छोट्या नाट्यगृहात केलेली ‘अंकल व्हान्या’तील डॉक्टरची भूमिका वगळता १९९३ पर्यंत ते रंगभूमीपासून दूर राहिले. ब्रिटिश रंगभूमीचे हे नुकसान मोठे होते, आणि पडद्यावरील यशाने ते भरून निघाले असे म्हणणे योग्य नाही. मात्र रंगभूमीने घडविलेला नट चित्रपटाच्या हाती लागला, हेही तितकेच खरे.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’मध्ये (१९७९) होम यांनी अवकाशयानावरील विज्ञान अधिकारी ॲश रंगविला. ॲश हा माणूस नसून यंत्रमानव आहे, हे प्रेक्षकाला बऱ्याच उशिरा कळते. रहस्य कळल्यानंतर चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्यास जाणवते, की होम यांनी आधीच्या एकाही प्रसंगात खोटी खूण ठेवलेली नाही. जो अलिप्तपणा आपण शास्त्रज्ञाचा समजलो होतो, तोच यंत्राचा होता. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१) मधील धावपटूंचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी मात्र याच्या अगदी उलट टोकाचा आहे. हौशी खेळाडूंच्या त्या जगात पैसे घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे हीन म्हणून पाहिले जाई, त्यामुळे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपला शिष्य हॅरॉल्ड अब्राहम्स शंभर मीटरची शर्यत धावत असताना चित्रपटातील मुसाबिनी मैदानाबाहेर, एका खोलीत एकटाच बसून राहतो. खिडकीतून वर चढणारा ध्वज दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येते, आणि तो आपल्या गवती टोपीतून मूठ आरपार घालतो. शर्यतीचा निकाल येथे फक्त ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचायचा असतो. या भूमिकेसाठी होम यांना कान महोत्सवात आणि ब्रिटिश चित्रपट अकादमीकडून सहायक अभिनेत्याचा गौरव मिळाला. ऑस्करसाठी नामांकन झाले, परंतु तो पुरस्कार ‘आर्थर’ या दुसऱ्या चित्रपटासाठी गिलगुड यांना गेला, जे ‘चॅरिअट्स ऑफ फायर’मध्येही होते.

पडद्यावरील इतर भूमिकांची यादी लांब आहे. नेपोलियन त्यांनी तीनदा रंगविला, एकदा दूरचित्रवाणीवर आणि दोनदा चित्रपटात, दूरचित्रवाणीवर जे. एम. बॅरी आणि चित्रपटात लुईस कॅरल हे बालसाहित्यकार साकारले. ‘ब्राझील’मध्ये घाबरट वरिष्ठ अधिकारी केला. १९९७ च्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’ने त्यांना दुर्मीळ मुख्य भूमिका दिली.

रंगभूमीवरील पुनरागमन पुन्हा पिंटर यांच्यामुळेच झाले. १९९३ मध्ये अल्मेडा नाट्यगृहात ‘मूनलाइट’मधील मृत्युशय्येवरचा अँडी त्यांनी केला, आणि १९९७ मध्ये नॅशनल थिएटरच्या कॉट्सलो या सर्वांत लहान नाट्यगृहात, रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली, लिअर. लॉटन यांचा विदूषक झालेल्या नटाने अडतीस वर्षांनी राजाची भूमिका घेतली, तेव्हा त्याने लिअरला पर्वतप्राय न करता मुलींवर हक्क गाजविणारा, ऐकून घेण्याची सवय हरवलेला बाप केले. त्या लहान दालनात प्रेक्षक जणू घरातील भांडणाचे साक्षीदार झाले, आणि वादळातील विवस्त्र लिअर म्हणूनच असह्य वाटला. १९९८ मध्ये या भूमिकेला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी होम यांना ‘सर’ ही पदवी लाभली.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटमालेतील बिल्बोने त्यांना नव्या पिढीपर्यंत पोहोचविले; त्याआधी वीस वर्षे, त्याच कथेच्या १९८१ च्या बीबीसी नभोनाट्यात, ते फ्रोडो झाले होते. १९ जून २०२० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ च्या ‘एलियन : रोम्युलस’मध्ये, कुटुंबीयांच्या संमतीने, त्यांचा चेहरा यांत्रिक प्रतिकृती आणि संगणक यांच्या साह्याने पुन्हा उभा करण्यात आला, परंतु त्यात ज्या गोष्टीसाठी होम ओळखले जात ती, म्हणजे समोरच्याचे ऐकत असलेला नट, नाही. ती पाहू इच्छिणाऱ्या वाचकाने १९७३ चा ‘द होमकमिंग’ आणि दूरचित्रवाणीसाठी चित्रित झालेला १९९८ चा ‘किंग लिअर’ अवश्य पाहावेत. आणि पाहताना संवाद म्हणणाऱ्या होम यांच्यापेक्षा गप्प असलेल्या होम यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.