बाटली क्रमांक ५३-एन

ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाड्याच्या बालमृत्यूंची बातमी आली, तेव्हा तिच्यात एक लहानसा तपशील होता : खोकल्याच्या औषधाचा बॅच क्रमांक, एसआर-१३. उपचारांसाठी नागपूरला हलवलेली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत होती. प्रयोगशाळेने त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे सांगितले. बाटलीवरचा क्रमांक हा औषधाच्या सुरक्षिततेचा कणा असतो, हे अशा वेळीच आपल्या ध्यानात येते. आपल्या देशात असाच एक क्रमांक १९०२ साली गाजला होता, आणि त्याचा उगम मुंबईच्या परळमध्ये होता.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. १८९८मध्ये तो बंगळूरलाही पोहोचला. माझ्या कोरमंगलाच्या घरापासून फार दूर नसलेली बसवनगुडी आणि उत्तरेकडील मल्लेश्वरम या वसाहती त्या साथीनंतरच वाढल्या. मुंबईत सरकारने पाचारण केले ते वाल्देमार हाफकिन यांना. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले हे शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या लशीसाठी आधीच भारतात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम आरंभले. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली, तीही नंतर ठरलेल्या प्रमाणाहून बरीच मोठी.

स्वतःवरच्या प्रयोगाने धैर्य सिद्ध होते, औषध नव्हे. ते काम भायखळ्याच्या तुरुंगात झाले. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. न टोचलेल्या १७२ जणांपैकी बारा आजारी पडले व सहा मरण पावले. टोचलेल्या १४७पैकी दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी हिशेब मांडून पाहिला. लशीचा काहीच परिणाम नसता, तर चौदा रुग्णांपैकी दोन किंवा त्याहून कमी रुग्ण टोचलेल्यांत निघण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वा भरते. पुरावा म्हणून हे वाईट नाही. पण एक फट उरतेच : स्वेच्छेने पुढे येणारा कैदी हा मागे राहणाऱ्यासारखाच असतो, असे कशावरून? (आणि तुरुंगातली ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.) पुढच्याच वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस दिली व अर्ध्यांना नाही. छप्पर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. तुलनेचा पाया आता पुष्कळच भक्कम झाला. मात्र आज अशा चाचणीला कोणतीही नीतिसमिती सहजासहजी परवानगी देणार नाही.

१८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२मध्ये पंजाबात मोठी मोहीम निघाली आणि मागणी एकदम वाढली. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी नवी पद्धत स्वीकारली. तिच्यात कार्बोलिक आम्ल नव्हते, निर्जंतुकीकरणाची भिस्त उष्णतेवरच होती. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला. एकोणीसही मेले. उरलेल्या चार बाटल्यांनी कोणालाही अपाय केला नाही.

दोष परळचा की मुल्कोवालचा? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखवले; कार्बोलिक वगळले, हेच प्रमुख कारण ठरले. हाफकिन यांना पद सोडावे लागले.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो नंतरचा युक्तिवाद. कागदपत्रे १९०६च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी ती बारकाईने वाचली. बाटली भरल्यानंतर ती एकेचाळीस दिवसांनी उघडली गेली होती. धनुर्वाताचे जंतू परळलाच शिरले असते, तर तेवढ्या अवधीत ते आत भरपूर वाढले असते आणि त्यांची दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी दुर्गंधी आढळली नव्हती. शिवाय वाढलेल्या जंतूंचे तयार विष थेट शरीरात गेले असते, तर लक्षणे लवकर दिसली असती. इथे ती आठवडाभराने दिसली. म्हणजे थोडेसे जंतू नुकतेच, बूच उघडतानाच आत गेले असावेत. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष तर चौकशीच्या दप्तरातच होती.

जुलै १९०७मध्ये रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. तरीही कार्बोलिकच्या बाबतीत आयोग सर्वस्वी चुकला, असे मला म्हणवत नाही. लस खेड्यातल्या धुळीत, घाईत, अर्धप्रशिक्षित हातांनी उघडली जाणार, हे गृहीत धरूनच ती बनवावी लागते. अनेक मात्रांच्या बाटलीत जंतुरोधक घालण्याचा आजचा प्रघात नेमका त्याच क्षणासाठी असतो.

हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला. परळची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. मुल्कोवालच्या एकोणीस जणांच्या नावाने मात्र कुठे काही उभे राहिल्याचे माझ्या वाचनात नाही. इतिहासात उरला तो त्यांच्या बाटलीचा क्रमांक.