सरकारी तास आणि पाळण्यातली झोप

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतली नातवंडं आज लंडन, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी वाढत आहेत. मार्च महिना आला की तिकडून फोनवर तक्रार येते, ‘बाळ वेळेवर झोपतच नाही.’ कारण तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एका रात्रीत तासभर पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा मागे घेतात. इकडच्या आजी-आजोबांना याचं नवल वाटतं. पण घड्याळाचा हा खेळ आपल्याही मुलखानं पाहिलेला आहे.

आपल्याकडे पूर्वी वेळ मोजायची ती घटकेनं. भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की झाली चोवीस मिनिटांची एक घटका. दिवस सूर्य उगवला की सुरू होई आणि प्रत्येक गावाची दुपार त्या गावाची असे. पुढे रेल्वे आली. तिच्या वेळापत्रकासाठी मद्रासची वेळ धरली जाऊ लागली. मुंबई शहर मात्र स्वतःच्या वेळेवर चाले.

१ जानेवारी १९०६ रोजी सरकारनं साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. मुंबईतले गिरणी कामगार त्यावर खवळले, गिरण्यांवर दगडफेक झाली. कारण उघड होतं. भोंगा लवकर वाजणार, म्हणजे कामगाराच्या घरातली चूलही लवकर पेटणार आणि पोरंही लवकर जागी होणार. साताऱ्याचा सूर्य या प्रमाणवेळेच्या ३४ मिनिटं मागे आहे आणि सांगलीचा सुमारे ३२ मिनिटं. म्हणजे जवळजवळ दीड घटकेचं अंतर आपण आजही निमूटपणे सोसतो आहोत.

खरी कसोटी आली ती दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळ आणखी एक तास पुढे करण्यात आलं आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ते तसंच राहिलं. साताऱ्यात सूर्य माथ्यावर यायचा तेव्हा सरकारी घड्याळात दीड वाजून गेलेला असे. जानेवारीत सूर्योदयाला आठ वाजून जात. याच काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. जिथं सरकारंच दोन, तिथं वेळाही दोन असल्या तर नवल नाही.

माझी आजी तासगाव भागातली. त्या वर्षांत तिच्या पदरी तान्हं मूल होतं. ‘नवा टाइम’ आणि ‘जुना टाइम’ हे शब्द तिच्या बोलण्यात म्हातारपणापर्यंत टिकून होते. कचेरी आणि आगगाडी नव्या टाइमावर, पाळणा मात्र जुन्या. ती सांगे, लेकराला घड्याळ दाखवून झोपवता येत नाही. दिवेलागण झाली, घर शांत झालं की ते आपोआप पेंगतं.

आजचं शास्त्र हेच सांगतं. झोपेचं घड्याळ आपल्या मेंदूत असतं आणि डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला किल्ली देतो. तान्ह्या बाळाचं हे घड्याळ पहिले दोन-तीन महिने नीट बसलेलंच नसतं. म्हणून तर त्याची दिवस-रात्र उलटी होते. पुढे ते बसतं, पण कुणाच्या हुकमानं एका रात्रीत सरकत नाही.

तेव्हा परदेशातल्या लेकीसुनांना सांगावं ते एवढंच. मार्चमध्ये घड्याळ पुढे जाण्याआधी चार दिवस बाळाची झोप रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दूध, अंघोळ, अंगाई हे सारं त्याच क्रमानं अलीकडे सरकवा. सकाळी पडदे उघडून उजेड आत घ्या, संध्याकाळी दिवे मंद करा. शरद ऋतूत घड्याळ मागे येतं, तेव्हा रोज पंधरा मिनिटं उशिरा झोपवा. तरीही काही दिवस बाळ नेहमीच्या सहाऐवजी पाचलाच उठेल. त्याला ते पाच वाजलेत हे ठाऊक नसतं.

लंडनमध्ये उन्हाळ्यातला मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला लहान दिवस आठ तासांच्या आसपास असतो. तिथं काटे हलवण्यामागे काही हिशेब तरी आहे. आपल्याकडे मोठ्या आणि लहान दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. युद्धानंतर तो वाढीव तास गेला आणि पुन्हा कायमचा आला नाही, हे बरंच झालं. देशाला एक वेळ हवी, याबद्दल वाद नाही. पण वेळ ठरवणाऱ्यांच्या हिशेबात कोळसा येतो, गिरणी येते, कचेरी येते. पाळणा येत नाही. तो हिशेब घरातल्या बाईलाच करावा लागतो, तेव्हाही आणि आताही.