वनसंरक्षण, महाराष्ट्रातील

वनांचा विस्तार व त्यांची पुनरुत्पादनक्षमता कायम राहील अशा बेताने वनोपजाचा वापर करण्याच्या व्यवस्थेस वनसंरक्षण म्हणतात. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा इतिहास हा प्रामुख्याने वनावर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास आहे.

ब्रिटिशपूर्व काळात देवराया लोकश्रद्धेमुळे, तर काही वृक्ष राजाज्ञेमुळे सुरक्षित राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) आरमारासाठी लाकूड तोडण्यास मर्यादा घातली असून, रयतेने जोपासलेली आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, असा दंडक आढळतो.

मुंबईतील जहाजबांधणीमुळे कोकणातील सागाची वने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विरळ झाली. वनतोडीचा झऱ्यांवर होणारा अनिष्ट परिणाम निदर्शनास आणणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ नंतर लोहमार्गाच्या शिळेपाटांसाठी व इंधनासाठी लाकडाची मागणी वाढली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये पहिला वन अधिनियम संमत झाला. १८७८ च्या अधिनियमाने राखीव, संरक्षित व ग्रामवने असे तीन वर्ग केले. यांपैकी ग्रामवनांची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. राखीव वनांचा विस्तार मात्र झपाट्याने झाला.

परिणामी चराई, सरपण आणि भातरोपांच्या राबासाठी लागणारा पाला या गरजा निर्बंधांच्या कक्षेत आल्या. महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात वनखात्यावर कठोर टीका केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानेही मूळ धोरण बदलले नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात पुसद, बिळाशी इ. ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, चिरनेर (जि. रायगड) येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले.

स्वातंत्र्योत्तर १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत, असे उद्दिष्ट ठरविले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने हा विषय समवर्ती सूचीत आला. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमान्वये वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र शासनाची संमती आवश्यक ठरली. १९८८ च्या वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलास अग्रक्रम दिला व वनालगतच्या लोकांच्या गरजा मान्य केल्या. तथापि या गरजांना कायद्याचा आधार २००६ च्या वनहक्क अधिनियमानेच मिळाला.

या अधिनियमाखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाले. बांबू हे गौण वनोपज असूनही त्याच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळण्यास २०११ साल उजाडले. बांबूच्या विक्रीतून उत्पन्न मिळविणे व तोडीवर मर्यादा ठेवणे, ही दोन्ही कामे तेव्हापासून एकाच ग्रामसभेकडे आली. १८७८ मध्ये ग्रामवनांच्या रूपाने मान्य झालेली, पण अंमलात न आलेली कल्पना येथे वेगळ्या कायद्याने प्रत्यक्षात उतरली. वनावर उपजीविका असणाऱ्यांना त्याच्या रक्षणाची जबाबदारी पेलता येते की नाही, याची कसोटी अशा गावांच्या अनुभवावरूनच लागणार आहे.