‘राज्याच्या इतर बाबी’ : गोपनीयतेच्या कायद्यावरील एक जुनी हरकत

‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य आपण सरकारी सूचनांत इतक्या वेळा वाचतो, की त्यामागे काही इतिहास असेल असे वाटतच नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेही एका प्रारूप आराखड्यावर चार पानी हरकत लिहून दिली होती. उत्तरादाखल मिळाली ती पोच. हरकतीचे पुढे काय झाले, हे शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले यांची विधिमंडळातील भाषणे वाचताना १९०३-०४ सालचे एक प्रकरण हाती लागले आणि आपले दुखणे जुनेच आहे, हे ध्यानात आले.

हिंदुस्थानात सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ साली झाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ने काश्मीरसंबंधीचा एक गोपनीय सरकारी कागद छापला होता. त्या कायद्याचा मुख्य रोख लष्करी व आरमारी माहितीवर होता. १९०३ साली कर्झनच्या सरकारने दुरुस्ती विधेयक आणले. त्यात मुलकी कारभाराची माहितीही लष्करी गुपितांच्या पंक्तीला बसवली होती. परवानगीशिवाय सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाने आपला हेतू शुद्ध होता हे स्वतःच सिद्ध करायचे, गुन्हा दखलपात्र आणि जामीनही नाही, असा तो मसुदा होता.

त्या काळी विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होई, त्यावर मते येत आणि मग ते प्रवर समितीकडे जाई. म्हणजे लोकमत अजमावण्याची रीत होती. या विधेयकावर देशी वृत्तपत्रे तुटून पडलीच. पण एरवी सरकारची पाठराखण करणाऱ्या इंग्रजांच्या वृत्तपत्रांनीही विरोध केला. डिसेंबर १९०३मध्ये गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात तो विरोध मांडला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : इंग्लंडात सरकारवर पार्लमेंटचा अंकुश आहे. इथे नोकरशाहीच्या हाती अमर्याद सत्ता आहे आणि तिच्यावर बाहेरून चालणारा अंकुश जवळजवळ एकच, तो म्हणजे जागरूक वृत्तपत्रांची टीका. तोही दुबळाच. माहितीच बंद केली तर टीका कशाच्या आधारावर करायची?

या ओरडीचा परिणाम झाला, हे मान्य केले पाहिजे. प्रवर समितीने ‘मुलकी बाबी’ या शब्दांची व्याख्या घातली. परराष्ट्रांशी व संस्थानांशी असलेले संबंध, सरकारी कर्ज, वित्तीय व्यवस्था अशा बाबी तिने नेमून दिल्या. त्या उघड झाल्यास सार्वजनिक हिताला बाध येईल इतक्या गोपनीय असाव्यात, अशी अटही जोडली. पण त्याच यादीच्या शेपटाला ‘किंवा राज्याच्या अन्य कोणत्याही बाबी’ हे शब्द होते. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार. मार्च १९०४मध्ये गोखल्यांनी याच शब्दांवर बोट ठेवले. सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. विधेयक मंजूर झाले आणि ते शब्द राहिले.

पुढे १९२३ साली अधिक व्यापक कायदा आला. तो स्वातंत्र्यानंतरही टिकला. माहितीचा अधिकार २००५ साली मिळाला, तेव्हा त्याच्या कलम २२ने, विसंगती असेल तेथे हाच कायदा वरचढ ठरेल, असे सांगितले. २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९२३चा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. तो आजही कायम आहे.

गोखल्यांच्या प्रकरणातून मला एक गोष्ट दिसते. कर्झनच्या सरकारने मते ऐकली नाहीत, असे म्हणता येत नाही. ऐकली, काही मानलीही. पण कोणते मत स्वीकारायचे, कोणते टाकायचे आणि गुपित कशाला म्हणायचे, हे ठरवणारे सरकारच होते. मत मागणे ही सरकारची मेहरबानी होती, नागरिकाचा हक्क नव्हे.

शंभराहून अधिक वर्षांनी, २०१४ साली, केंद्र सरकारने विधेयकपूर्व विचारविनिमयाचे धोरण आखले. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ मात्र कायदाच आहे. महत्त्वाचे धोरण ठरवताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि निर्णयाची झळ पोचणाऱ्यांना त्याची कारणे द्यावीत, असे ते बजावते.

माझ्या चार पानांची पोच मी अजून जपून ठेवली आहे. हरकत फेटाळली गेली असती, तरी चालले असते. कारण हवे होते. गोखल्यांनाही १९०४ साली ते मिळाले नव्हते. पण त्यांच्या हाती कलम ४ नव्हते. आपल्या हाती आहे. पोच मिळाल्यावर गप्प बसायचे की कारण मागायचे, एवढेच आता आपल्याला ठरवायचे आहे.